कडेची अक्षरं

इंजिन कुठे दुखतंय ते कळायला
मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवतो
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
देवगडच्या बंदरात एकतीस वर्षं असाच ऐकत आलो:
बेअरिंगची खडखड, टॅपेटची टिकटिक,
पिस्टनला लागलेली धाप.
तेवढं अजून ऐकू येतं.

माणसं तेवढी बंद पडली.

शेवंतीने शिडी मागितली, मी विडी आणली.
दोघंही हसलो.
मग फोनवर पराडकर साठ बोल्ट म्हणाला,
मी आठ पाठवले,
त्याची बोट दोन भरत्या वाळूत बसून राहिली.
तेव्हा कुणी हसलं नाही.

कणकवलीची कान तपासणारी पोरगी
पोलादी काटा गुडघ्यावर आपटते
आणि टेकवते माझ्या कानामागे,
त्याच हाडाला.
हे कुणी शिकवलं, मी विचारतो.
कॉलेजात, म्हणते.
मला जयगडला हसनमियां मेस्त्रींनी.

मग कागदावर रेघ काढते.
रेघ जरा वेळ सरळ चालते
आणि बुरुजावरून पाय घसरावा तशी खाली.
"स्वर आहेत," लिहून दाखवते,
"व्यंजनं गेली. श, स, फ, थ. कडेची अक्षरं."
कडेचीच जायची.
होडीचा रंगही आधी काठाचा उडतो.

आणि हो, उजव्या कानात मळ आहे,
पाच वर्षांचं ग्रीस; ते आधी काढू.

जोडी ऐंशी हजार.
तेवढ्यात दोन सिलिंडरचं जुनं इंजिन येतं, गिअरबॉक्ससकट.
एक नग बावीस हजार.
कुरिअरने येतं अडीच हजारांचं,
ते माझ्या मेव्हण्याकडे आहे:
आवाज वाढवतं, अक्षर नाही.
ताटली पडली की त्याची कवटी फुटते,
आता ते कपाटात असतं, तो ओटीवर.
ओरसच्या सिव्हिलमध्ये फुकट,
पण सर्टिफिकेट लागतं.
तीन खेपा झाल्या,
चौथीला शिक्का मारणारा रजेवर.

मी विचारतो ते इंजिनाबद्दल विचारावं तसंच.
पार्ट मिळतात का? घामाने गंजतं का?
खाऱ्या हवेत किती दिवस? बिघडलं तर मुंबईला धाडायचं की इथेच?
पोरगी पेन खाली ठेवते.
रात्री डबीत ठेवा, बुटांच्या खोक्यातली ती पुडी टाकून.
महिनाभर लावून बघा.
नाही पटलं तर परत.

"दोन्ही घेवा," शेवंती म्हणते, माझ्या तोंडासमोर येऊन, मोठ्याने.
"माझे कुडये मोडूया. कानाक कान, हिशोब फिटलो."
बाहेर बाकावरची माणसं वळून बघतात.

एकच घेतलं.
कुड्या तिच्या कानात आहेत.
डावा कान इंजिनाला ठेवला,
त्याला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.
बाकीचं घरात जमवलं:
ती चुलीकडे तोंड करून बोलत नाही,
दिवा माझ्यामागे नाही, तिच्या चेहऱ्यावर.
आकडा आला की बोटं. पराडकरलाही सांगितलंय,
साठ म्हणू नको, सहावर शून्य म्हण.

पहिल्या रात्री फ्रीज एवढा बोलतो हे कळलं.
माझीच चप्पल मला मागून येणाऱ्या माणसासारखी वाटली.
वर्तमानपत्राची घडी घातली
तर सुकत घातलेली सुंगटं कुणी चाळतंय असं.
दमलो. काढून ठेवणार होतो.

तेवढ्यात शेवंती, भांडी विसळताना,
पाठमोरी, सवयीने, स्वतःशीच:
"मेल्याक सांगून शीण इलो,
पण साठ वर्षांचो झालो तरी दिसता बरो."

श होता. स होता.
दोन्ही धारदार, नव्या गॅस्केटसारखे.

मी वर्तमानपत्र वर धरलं,
ऐकू न आल्यासारखं.
ती आणखी काय काय बोलते
ते महिनाभर तरी कळायला हवं.
परत करायची मुदत तेवढीच आहे.