ना-हरकत

साडेबारा टक्क्यांच्या इमारतीत, तळमजल्याला,
नकाशात जिथे पार्किंग दाखवलंय
आणि आता मंडळाचं कार्यालय आहे,
तिथे रात्री दहाला सभा भरली.
विषय एकच. भूपेशला खारीगावला द्यावं का.

बदल्यात ते दोन पोरं देतायत,
एक उजवा कोपरा, एक मध्यरक्षक,
वर त्यांची जुनी मॅट, दोनच ठिकाणी फाटलेली.
हिरामणशेठ म्हणाले, फाटकी असली तरी मॅटच ती.
गोठिवलीची पोरं अजून मातीत गुडघे सोलतात.

मी गुणलेखक. एकोणीस वर्षं.
मला मत नसतं, वही असते.
वाच म्हणाले. वाचली.
करावे : सात चढाया, शून्य.
तळवली : नऊ चढाया, एक. तोही बोनस.
दिवाळे : तिसरी चढाई, निदान रेषा गाठायच्या आतच दम तुटला.
तेराव्याचा खर्च वाचतात
तसा सरळ आवाज ठेवावा लागतो अशा वेळी.

"पाय गेला रं त्याचा," चांगूनाना म्हणाले.
"पाय नाय, काळीज गेलं."
"लगीन झाल्यापासून," मागून कुणीतरी,
आणि सगळे हसले,
हसायला निमित्त मिळालं म्हणून.

माझ्या घरी माळ्यावर जुन्या वह्या आहेत.
त्यातल्या एकीत घणसोलीचा सामना आहे,
हॅलोजनखाली किड्यांचा पाऊस,
समोर पाच जण, चौघांनी कंबरेला, पायाला, मानेला धरलेलं,
आणि हा त्यांना ओढत आणतोय मध्यरेषेपर्यंत,
रिक्षा बंद पडल्यावर ढकलत न्यावी तसा.
बनियन त्यांच्या हातात राहिली.
'४' लिहिताना माझं पेन कागदातून आरपार गेलं होतं.
पण सभेने विचारलं होतं चालू हंगामाचं.

या खेळात बाद झालेला रेषेबाहेर जाऊन बसतो
आणि आपल्यातल्या कुणी गुण आणला की उठतो.
आम्ही म्हणतो, जिवंत झाला.
सहज म्हणतो, चहा झाला म्हणावं तसं.
भूपेशने कुणाकुणाला किती वेळा जिवंत केलं
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.
चांगूनानांचा पोरगा त्यातला एक.
तोच, मघाचा, लग्नावरून बोललेला.

पण हेही लिहून ठेवतो, नाहीतर वही खोटी पडेल.
आमचा उजवा कोपरा दोन वर्षं रिकामा आहे.
तिथे आम्ही ज्याला उभा करतो
तो मुळात डेकोरेशनवाल्याचा मुलगा आहे, भित्रा,
आणि प्रत्येक सामन्यात लोण तिथूनच सुरू होतो.
माया पकड करत नाही.

शेवटी कुणीतरी म्हणालं, त्यालाच विचारा.
भूपेश दाराशी होता, चपलांच्या ढिगाजवळ,
रबाळ्याच्या कंपनीचा निळा शर्ट घालून,
बॅगेला हेल्मेट अडकवलेलं, रात्रपाळी.
किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.
"मॅट घ्या," म्हणाला.
मग स्वतःची चप्पल शोधायला त्याला बराच वेळ लागला.
आम्ही सगळे तेच बघत बसलो,
एक प्रौढ माणूस दुसरी चप्पल शोधतोय.

पत्र टाइप होऊन आलेलंच होतं.
'सदर खेळाडूस इतर संघातून खेळण्यास
मंडळाची कोणतीही हरकत नाही.'
अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला, पेन दे.
मी म्हणालो, शाई संपलीय.
खिशात दोन पेनं होती, एक निळं, एक लाल,
सगळ्यांना दिसत होती.
हिरामणशेठांनी बघितलं खिशाकडे,
मग घड्याळाकडे.
म्हणाले, बरं, मंगळवारी.

मंगळवारी शेजारच्या टेबलावरचं पेन घेतील.
तोवर शनिवारच्या सामन्याचं पान आखून ठेवलंय,
सात ओळी.
पहिली ओळ चढाईपटूची असते. मी दुसरीपासून सुरुवात केली.