सहाशे पंचाहत्तर नंबर

तापकीर गल्लीत सगळं मिळतं म्हणतात.
मी पितळी झाकण पुढे केलं,
आतला हिरवा गंज लिंबानं घासून आणला होता.
"पाऱ्याचा सेल? बाई, तो बंद होऊन जमाना झाला."
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वायर मोजायला घेतली,
हातभर, हातभर.

कॅमेरा माझाच आहे. कुणाचा वारसा नाही.
टेलिफोन खात्यातल्या पहिल्या बोनसचा,
रास्ता पेठेत, सेकंडहँड, घासाघीस करून.
शटर अजून खणखणीत.
काटा तेवढा झोपलाय.

पासोड्या विठोबाजवळ इक्बाल बागवान घड्याळं उघडतात.
डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाले,
"दीड व्होल्टाचा बसवीन, पण काटा थापा मारेल.
सावलीलाही ऊन म्हणेल.
कानाच्या मशीनचा बघा. सहाशे पंचाहत्तर, निळ्या टिकलीचा.
आणि तो सैल बसेल, तर नळाचा एक वायसर."

वायसर पाच रुपयांना मिळाला.

टिळक रोडला, कानांच्या दुकानात,
मी हळू बोलले. तिथं कुणीच हळू बोलत नाही.
"सुटे मिळत नाहीत. सहाचं कार्ड."
शेजारच्या खुर्चीतल्या उकिडव्यांनी विचारलं,
"तुम्हाला कुठल्या कानाला?"
"डोळ्याला," मी म्हणाले.
त्यांना ऐकू गेलं नाही.
त्यांचा सेल जिन्यातच संपला होता.

काउंटरवरच्या शलाकानं त्यांच्यासाठी एक टिकली सोलली.
"मिनिटभर हवा खाऊ दे त्याला, काका.
एकदा श्वास घेतला की मग घेतच राहतो,
तुम्ही वापरा, नका वापरू."
मिनिटभर आम्ही तिघं गप्प.
मग मशीन कानात गेलं
आणि रस्त्यावरच्या बसचा ब्रेक
त्यांच्या कपाळावर उमटला.
"हां. कुठल्या कानाला म्हणालात?"

कार्ड वाटून घेतलं. पाच त्यांना, एक मला.
हिशेब त्यांनी रुपयापर्यंत केला,
वर आठ आणे सोडल्याचं सांगितलं.

ओंकारेश्वराच्या पुलावर माझी टिकली सोलली,
नखावर जपून ठेवली, मिनिट मोजलं.
वायसरात सेल, त्यावर झाकण,
नाण्यानं पिळून बंद.
काटा हलला.
आधी थोडासा, झोपेत नाव ऐकल्यासारखा.
मग आभाळाकडे धरला तसा वर,
कठड्याच्या सावलीत खाली.
थापा नाहीत.

फिल्म आत नव्हतीच.
मी नुसतं ऊन मोजत उभी राहिले:
जलपर्णीवरचं, कुणाच्या हेल्मेटवरचं,
माझ्या तळहातावरचं, ते अर्ध्या घरानं कमी.

रात्री सेल बाहेर काढला.
दोन महिने, फार तर अडीच.
निळी टिकली अजून चिकटत होती,
त्याच्या बारीक भोकांवर परत दाबून बसवली.
मग आरशासमोर माझी काढली
आणि चौकटीला लावून ठेवली, उद्यासाठी.