पहिली रांग

इथे सुट्टीला 'चुटी' म्हणतात.
आपल्याच गल्लीतून निघालेला शब्द,
गलबतात चढताना घाईत थोडा चेपला असावा.

जॉर्ज टाउनच्या त्या लॉजमध्ये, गल्ल्यामागे,
चुटींची यादी चिकटवलेली :
दोन्ही ईद, चिनी नववर्ष, थैपुसम, वेसाक, नाताळ,
आणि राज्यपालांचा वाढदिवस.
खाली बी हून बाईंच्या हिरव्या शाईत :
चपला बाहेर.
द्यायचं-घ्यायचं उजव्या हातानं.
माणसाकडे बोट दाखवू नये.

मी हसले. हे तर आईनं
पाठीत धपाटे घालून शिकवलंय.
या परीक्षेत आपण पास.

संध्याकाळी पाय सुजेस्तोवर हिंडले.
एका वळणावर भर रस्त्यात मांडव,
दिव्यांच्या माळा, चमचमत्या झग्यातली मुलगी
होक्कियनमध्ये काहीतरी जीव तोडून गात होती.
लाल प्लास्टिकच्या खुर्च्या खचाखच.
पहिली रांग तेवढी रिकामी.
आपल्याकडे ती नगरसेवकाच्या मेहुण्याची असते.
मेहुणा आलेला दिसत नव्हता.
मी बसले.

गाणाऱ्या मुलीचा एक ताल चुकला.
पाठीमागे शेंगदाणे फोडण्याचा आवाज थांबला.
कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

साते विकणारा रोसली गाडी सोडून आला,
मूठ मिटून, अंगठा पुढे करून
त्यानं मागची जागा दाखवली :
"आंटी, तिथं वारा चांगला लागतो."

तिथं बी हून बाई होत्या. सरकल्या.
"ती रांग कुणाची?"
"चुटीवर आलेल्यांची.
वर्षातून एक महिना दार उघडतं त्यांचं.
ज्यांची वाट बघणारं कुणी नाही, तेही येतात.
मग निदान गाणं तरी."

हे यादीत नव्हतं.

मग त्या उठल्या, मी बसले होते त्या खुर्चीपाशी गेल्या,
हात जोडून हलक्या आवाजात काही बोलल्या.
परत आल्यावर विचारलं, काय सांगितलंत?
"परकी आहे म्हटलं. दमली होती."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.
दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना,
तीन तास आम्ही घाटावर उभे होतो,
जो तो आपापलं वचन पुटपुटत.
घर विकणार नाही. वहिनीला बघू.
मी कोरड्या घशानं गप्पच होते.
काय राहिलंय त्याचं, मला माहीत होतं.

गाणं संपलं. कुणी टाळी पहिल्या रांगेआधी वाजवली नाही,
म्हणजे थोडा वेळ सगळे थांबले,
आणि मग वाजवली.

निघताना पाहिलं :
माझी पाण्याची बाटली त्या खुर्चीवरच राहिली होती,
अर्धी भरलेली, झाकण सैल.
इतक्या गर्दीत कुणी हात लावला नव्हता.

मीही लावला नाही.