दोन वाऱ्यांच्या मधे

शिरदोणच्या किनाऱ्यावर पत्र्याची एक शेड,
सहा होड्या, त्यातली एक कायम दुरुस्तीला,
आणि सभासद सतरा, त्यांची मतं एकोणीस.
सिल्वेरियो म्हणतो, आधी शीड ओढून घ्या.
दंतवैद्य नार्वेकर म्हणतात, छे, आधी सुकाणू.
दोघेही मला शिकवतात, एकाच वेळी,
आणि मी, चोपन्नाव्या वर्षी,
दोन हातांत दोन दोर धरून
गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी हसते.

सव्वीस वर्षं मी फळ्यावर वारे काढले.
दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, खारे.
रात्री जमिनीकडून समुद्राकडे, मतलई.
निळा खडू, पिवळा खडू, बाणांना टोकं.
दोन गुणांचा प्रश्न. हमखास.
फोंड्याच्या त्या शाळेच्या खिडकीतून
समुद्र दिसत नव्हता
आणि मला पोहताही येत नव्हतं.

एकदा दुर्गादास गावणेकर उठून उभा राहिला.
बाई, एक वारा थांबतो आणि दुसरा सुटतो,
त्यांच्या मधे काय असतं?
मी म्हटलं, ते परीक्षेला नाही.
बस खाली.

इथे शिकवायला पिएदाद आहे, वय एकवीस.
तिचा आजा रापण ओढायचा.
डोलकाठीच्या तारेला तिने लोकरीचा लाल धागा बांधलाय,
पण त्याच्याकडे ती स्वतः क्वचितच बघते.
कान ओला कर, म्हणते.
ओल्या कानाला वारा आधी कळतो.

गेल्या रविवारी साडेनऊला मतलई संपला.
संपला म्हणजे
आधी धागा पडला,
मग शीड, वाळत घातलेल्या चादरीसारखं,
मग होडीच्या पोटाशी पाण्याची चुळबुळ चालते ना,
ती बंद.
झुआरीच्या मध्यावर आम्ही दोघी.
समोर मुरगावच्या क्रेन वाकलेल्या,
पाण्यात काहीतरी पडलंय जणू त्यांचं.
एक बार्ज गेली. तिची लाट उशिराने आली,
आम्हांला झुलवून गेली, नेलं मात्र नाही कुठेच.
मी वल्हं उचललं.
पिएदाद म्हणाली, राव.
म्हणजे थांब.

तिने पिशवीतून पोई काढली,
तिची चोरीसाची, माझी मिस्कुटाची.
आम्ही खाल्लं. पापण्यांवर मीठ होतं.
दूर शेडपाशी सिल्वेरियो आणि नार्वेकर,
मुंग्यांएवढे, हात हलवत होते,
आम्हांला बोलावत असतील
किंवा भांडत असतील.
घंटा होणार नव्हती.
हा तास कुठल्याच वेळापत्रकात नव्हता.

दुर्गादास, आता चाळिशीला आला असशील.
मधे हे असतं बघ:
ऊन, तेलाचा वास, लोणच्याची फोड,
एक मुलगी पाय पाण्यात सोडून बसलेली,
आणि आपण कुठेच जात नसल्याची
हळूहळू सवय होणं.
तुझे दोन गुण माझ्याकडे राहिलेत.

मी कान ओला केला. काही नाही.
पुन्हा केला.
बऱ्याच वेळाने उजव्या पाळीला किंचित गार.
धागा अजून लोंबतच होता.
मी बोलले नाही, उगाच चुकायला नको म्हणून,
तेवढ्यात शीड फाडकन भरलं,
मी सुकाणू नेमकं उलटीकडे ढकललं,
आणि पिएदादच्या तोंडून
कोंकणीतले असे काही शब्द ऐकले
जे कुठल्याच परीक्षेला येत नाहीत.