चार हिरवे दिवे

हिवराज गुरनुले शिडीवर, दातांत दोन खिळे.
"उंच लावा लागते काकू.
भिंतीतून जाते, टिनातून नाही जात."
अर्धं गाव टिनाचं, मी म्हटलं, त्याले काय सांगशील?

शेवटी घाणीच्या वर,
जवसाच्या पोत्यांपासून हातभर लांब,
कॅलेंडरच्याच खिळ्याला बसवलं.
दोन कान, चार हिरवे दिवे.
महिन्याभरात तेलाच्या वाफेनं पिवळट झालं.

नंबर तोच ठेवला, पंचवीस सत्तेचाळीस.
तळोधीचे व्यापारी तोच लावतात.
आवाज आता म्हणे तुकडे होऊन येतो
आणि कानाशी आल्यावर जुळतो.
गायधनेबाईंचा "हॅलो" अख्खा येतो,
उधारीचा आकडा तेवढा नेमका तुटतो.

पासवर्ड मी कोणाला सांगितला नाही.
तरी सातनंतर ओट्यावर सहा पोरं,
माना खाली, चेहरे निळे.
मी घाणी बंद करते, दिवे राहू देते.

काल लाईट गेली.
चारही डोळे मिटले, ओटा रिकामा झाला.
फोन उचलला तर आत काहीच नाही.

जुना काळा फोन
आपली वीज एक्सचेंजातून घेऊन यायचा.
अंधारातही त्याच्यात घूं चालू असायचं,
पलीकडे कोणी जागं असल्यासारखं.

पोत्यांमागे आहे तो अजून, वायर कापलेली.
उचलून कानाला लावला.
ठेवताना नीट ठेवला,
उगाच कोणाला एंगेज लागायला नको.