नवतपा लागायच्या आधी

कोराडीच्या चिमण्या दिसेनाशा झाल्या की निघायचं,
असं ठरलं होतं आमचं.
रडार नंतर. आधी गच्चीवरून चिमण्या.

ओम्नी निनावेकाकांची, टेलिफोन खात्यातून सुटल्यावर घेतलेली,
वायपर एकच चालू, तोही माझ्या बाजूचा.
म्हणून पाऊस लागला की रस्ता मी सांगायची
आणि गाडी ते चालवायचे.

तिसरा झोएब. तो कधी आलाच नाही.
इतवारीतल्या दुकानात खिळे तोलता तोलता
मोबाइलवर ढग बघायचा, फोन करायचा:
दीदी, कुहीकडे पिवळं झालंय.
आम्ही पोचेपर्यंत
पिवळ्याचं पुन्हा काहीच झालेलं नसायचं.

वहीत पहिली नोंद चैत्रातली. मौदा, दुपारी चार,
ढग फुलकोबीसारखा. पोचलो तर देठही नाही.
मग काटोल रोड: नुसती धूळ, दातांत.
मग उमरेड: एक वीज, लांब,
आवाज यायला सव्वीस मोजले.
चौथ्या नोंदीपुढे फक्त
"पंक्चर".

भाऊ म्हणायचा, काऊन वं,
आभाळ का तुह्यं देणं लागते?
मी दिवसभर लोकांचं रक्त फिरवते मशीनमध्ये,
प्लेटलेट मोजते, बारीक अक्षरात लिहिते.
त्याला काय सांगू.
ऊन पाठ सोडत नव्हतं
म्हणून आम्ही ढगाची पाठ धरली,
एवढंच.

वैशाखातला मंगळवार.
झोएब म्हणाला, केळवद. लाल नाही दीदी, जांभळं.
तो कुजबुजत होता, गिऱ्हाईक समोर असावं.

सावनेर ओलांडलं आणि ते दिसलं.
तळ सपाट, खाली झुकलेला,
रंग पितळेत कळकलेल्या ताकाचा.
वारा एकदम पडला.
बाभळीवरचं होलं गप्प झालं.
मग माठाच्या पोटातून यावी तशी गार हवा
पायांकडून आली.

तीनदा तोच रस्ता केला आम्ही,
त्याच्या पोटाखाली राहायचं म्हणून.

आधी एकच. बॉनेटवर.
काका म्हणाले, कोणं गोटा मारला बे?
मग सगळ्यांनीच मारले.
मी हसत होते. खरंच, मोठमोठ्यानं,
काच तडकली तरी.
काका स्टिअरिंगवर डोकं ठेवून
काहीतरी पुटपुटत होते, ते मी विचारलं नाही.

बारा मिनिटं.
मग दार उघडलं. कुंपणापलीकडे संत्र्याचा बगिचा,
जमिनीवर पांढऱ्या गारा आणि हिरवा आंबिया बहार,
दोन्ही एकाच मापाचे.
डोक्यावर घमेलं पालथं घेतलेली एक बाई
झाडांतून आली. म्हणाली,
तीन डाव गेले तुम्ही इकून.
काही हरपलं का?

रागावून नाही. खरंच विचारत होती.

काका म्हणाले, हो. भेटलं.
मंग माह्या दोन बकऱ्या पाहू लागा, म्हणाली.

अंधार पडेस्तोवर पाहिल्या.
वीज लख्खकन व्हायची
तेवढ्यात जमेल तेवढं शेत बघून घ्यायचं,
मग पुढच्या विजेपर्यंत नुसती हाक.
एक कॅनॉलच्या मोरीत सापडली.
आम्ही निघालो तेव्हा ती दुसरीला हाक मारत होती.
अजून वाटतं,
थोडं थांबायला हवं होतं.

सगळ्यांत मोठी गार मी टिफिनच्या डब्यात आणली.
बेचाळीस मिलिमीटर. फ्रिजमध्ये ठेवली.
वादळ आमच्या मागोमाग शहरात आलं,
रात्रभर लाइन नव्हती.
सकाळी डब्यात चार चमचे पाणी
आणि तळाशी कुठल्यातरी वावराची माती,
चिमूटभरही नाही.

आता नवतपा. चिमण्या दिवसभर दिसतात, स्वच्छ.
झोएब फोन करतो. दीदी, काहीच नाही.
काकांनी दुसरा वायपर बसवून घेतला.

मातीची मी स्लाइड केली. चाळीसच्या लेन्सखाली
एक कण, कडा झिजलेला,
शेजारी चिलटाचा पंख.
पेशंटचं नाव लिहायच्या जागी
पेन टेकवून बसून राहिले थोडी.
मग लिहिलं, केळवद.
तिथली ती नव्हतीच, ते माहीत असून.