मागच्या सीटचा पट्टा

दोन लाख दहा हजार, वर एक नारळ.
नारळ शिगवणांनी स्वतःच फोडला,
म्हणाले, घरच्या लेकीसारखी वापरलीय.
मी हसले. लग्नात लेकीबद्दल काय काय सांगतात
ते मला ठाऊक. नवऱ्या नटवणं हा माझा धंदा,
वेळणेश्वरपासून खाडीपलीकडे दापोलीपर्यंत.
भाजल्याचे डाग, टाक्यांचे व्रण
तीन थरांत मीच बुजवते,
आणि पैसे मोजून घेते.

तरी गाडीच्या बाबतीत भोळी राहिले.
आत वास अत्तराचा होता, भरपूर अत्तराचा.
तेव्हाच समजायला हवं होतं.

आठव्या दिवशी वायपर आपोआप चालू झाले,
कोरड्या ठणठणीत दुपारी, मोडकाआगरच्या पुलावर.
मग हॉर्न मुका झाला. मग डावा दिवा
डोळ्यात पाणी तरारावं तसा आतून धुरकटला.

शृंगारतळीला अन्वर परकारांनी
सीट उपटली, खालचा गालिचा सोलला,
बोटाला लागलेली लाल भुकटी
जिभेच्या टोकाला लावून थुंकले.
"पुराचं पाणी नाय हे, ताई. खारं हाय."

मग मीच वाकले.
सीटच्या रुळाच्या खाचेत, टॉर्चच्या उजेडात,
पांढरे टोकदार खवले, तांदळाच्या कणीएवढे.
बाबांच्या होडीचा तळ दर मे महिन्यात
मीच खरवडायचे, गुडघे सोलपटेपर्यंत.
हे एका रात्रीत धरत नाहीत.
भरती येते, जाते, येते,
पुनवेची अवस होते,
तेव्हा कुठे एवढे.
म्हणजे गाडी खाडीत होती. पडून. निदान पंधरवडाभर.
कुणीतरी काढली, कुणीतरी धुतली, रंगवली,
कुणीतरी दुकानात उभं राहून
ते अत्तर निवडलं.

बाबांनी होडी विकली तेव्हा
गिऱ्हाइकाला आधी गळती दाखवली, मग वल्ही.
आई चिडली, वीस हजार बुडाले म्हणाली.
बाबा म्हणाले, पैसेच बुडाले ना? बुडू देत.

भांडणाची वाक्यं मी रचून ठेवली होती.
फसवणूक, ग्राहक मंच, पोलीस,
आतेभावाचा मेव्हणा वकील आहे.
तेवढ्यात अन्वरभाई म्हणाले, हे बघितलंत?
मागच्या सीटचा पट्टा, डावीकडचा,
बकलापासून वीतभर वर तुटलेला.
कुजलेला नाही. उंदरानं कुरतडलेला नाही.
कोयतीनं, घाईत, दोन वारांत कापलेला.
पहिला वार चुकलेला.

गॅरेजात काही वेळ कुणी बोललं नाही.
हाताखालचा पोरगा पाना धरून तसाच उभा.

रात्री फोन लावला. शिगवण, मी म्हटलं,
मागे कोण बसलं होतं?
तिकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
टीव्हीवर कुणी हसत होतं, ते बंद झालं.
फोन त्यांनी ठेवला नाही.
ठेवला असता तर सोपं होतं.
"पुढच्या महिन्यात तीस हजार परत करतो,"
म्हणाले. एवढंच.
मी पैशाचं विचारलंच नव्हतं.

तीस हजार आले, बोलल्या तारखेला.
वायरिंग नवं झालं, हॉर्नला कंठ फुटला.
पट्टा बदलू का, अन्वरभाईंनी विचारलं.
राहू द्या, म्हटलं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
तिथे आता माझी मेकअपची पेटी असते.
कापलेल्या टोकाला मी एक गाठ मारलीय.

परवा धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली,
दाभोळात एक हळद होती.
बोट सुटली. खाडी भरतीनं फुगलेली.
मी काचा खाली घेतल्या, चारही.
तीन उतरल्या.
मागची डावी अर्ध्यावर अडली,
तिची मोटर कण्हत राहिली.
पलीकडचा धक्का लागेपर्यंत
मी बटणावरचं बोट काढलं नाही.